ईस्टरआधी उतरवलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना हिवाळी टायर आहे. जुना म्हणजे अगदी निकामी. एके काळी माझ्या अंगावर शंभराहून जास्त पोलादी खिळे होते. आता बहुतेक झडून गेलेत, उरलेत ते बोथट. नॉर्वेतल्या एका दरीतल्या गावाबाहेर, भंगाराच्या ढिगात मी पडलोय आणि माझ्या छातीवर चार उन्हाळी टायर रचलेत. उन्हाळी टायरांशी माझं कधी जमलं नाही. का, ते सांगतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर मात्र दुसरीकडे जा.

कारखान्यात मला मऊ रबरातून घडवलं, कारण थंडीत जे रबर दगड होतं ते रस्ता धरत नाही. मग एका यंत्राने अंगात एकेक खिळा ठोकला. दुखलं, पण सांगणार कोणाला? मला आणि माझ्या तीन भावांना हाल्वार नावाच्या म्हाताऱ्याने घरी आणलं. गाडी त्याच्या मुलाची, टोर्मोडची. पण टायरांचं खातं म्हाताऱ्याकडे होतं आणि त्यात कोणी नाक खुपसलेलं त्याला चालत नसे.

पहिल्याच दिवशी टोर्मोडने गाडी जोरात काढली तर म्हातारा अंगणातून ओरडला, "अरे हळू! खिळे अजून बसायचेत. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी कोणी गोठ्यात धाडतं का?"

"मला धाडलं होतंत, बाबा," त्याची सून ओसहिल खिडकीतून म्हणाली.

"म्हणून तर आता शहाणा झालोय," म्हातारा म्हणाला.

असा होता तो. गावातले लोक पहिला बर्फ पडला की जागे व्हायचे आणि टायरवाल्याच्या दारात रांग लावायचे. आमचा हाल्वार त्याच्या आधीच जॅक घेऊन अंगणात गुडघ्यावर बसलेला असायचा. उतरवताना आम्हाला ब्रशने धुवायचा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा कण ठेवायचा नाही. मग खडूने आमच्या अंगावर जागा लिहायचा. मी पुढचा डावा. एकदा जानेवारीत वळणावर एक मूस, घोड्याएवढं थोराड हरीण, रस्त्यात येऊन उभा राहिला. खाली निळा बर्फ, काचेसारखा. मी सगळे खिळे रुतवले आणि गाडी त्या जनावराच्या नाकापाशी थांबली. घरी आल्यावर हाल्वारने हातमोजा काढून उघड्या हाताने मला थोपटलं. "शाबास रे पठ्ठ्या," म्हणाला. त्या थोपटण्यावर मी पुढचे दोन हिवाळे काढले.

पण आमचा खरा मान ईस्टरचा. दरीत तोवर फुलं यायला लागतात, वर डोंगरावर मात्र पुरुषभर बर्फ असतो. तिथे हाल्वारची लाकडी केबिन होती. तो आणि त्याची बायको बोर्ग्नी केबिनसमोर बर्फात खड्डा खणायचे, त्यात रेनडिअरचं कातडं पसरायचे आणि दिवसभर उन्हाकडे तोंड करून बसायचे. संत्री सोलायची, कोको प्यायचा, फारसं बोलायचं नाही. बोर्ग्नी गेली त्यानंतरही तो तितकाच रुंद खड्डा खणायचा. मी खाली रस्त्याच्या कडेला उभा राहून बघायचो.

मग त्याचा श्वास कमी पडायला लागला. त्या मार्चमध्ये तो गॅरेजमध्ये ओसहिलला म्हणाला, "पोरी, एकदा त्या खड्ड्यात बसायचंय मला. पुढच्या वर्षी मी असेन असं वाटत नाही. टोर्मोडला सांगू नकोस, उगाच हबकेल."

ओसहिलने नाही सांगितलं. मीही नाही सांगितलं. मला तोंड कुठे आहे?

त्या वर्षी ऊन लवकर पडलं. रस्ते कोरडे झाले आणि आमचे खिळे डांबरावर कडकड वाजायला लागले. ह्या लोकांना तेवढ्यात एक खूळ चढतं. उन्हाळी टायर आधी कोण चढवतो, ह्याची चढाओढ! गाडी धुऊन पुसून, गुळगुळीत टायरांवर आवाज न करता जो पहिला गावातून जाईल, त्याच्याच कृपेने जणू वसंत आला. शेजारच्या ब्यार्तेने आपले कधीच चढवले होते. कुंपणाशी हात टेकून तो रोज उभा.

"काय टोर्मोड, अजून खिळ्यांचे बूट? लांबूनच कळतं हो, साहेब निघाले म्हणून! की म्हाताऱ्याची परवानगी लागते?"

टोर्मोड हसला. पण कान लाल झाले होते, मी पाहिले. ईस्टरचा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने जॅक काढला. पहिला नट सुटला तसा हाल्वार काठी टेकत बाहेर आला.

"काय चाललंय?"

"दिसतंय की, बाबा. उन्हाळी लावतोय."

"ईस्टर व्हायचाय अजून."

"रस्ता बघा ना! धूळ उडतेय."

"इथला रस्ता बघून काय करू? मला वर जायचंय."

"वरचाही साफ असणार. हवामानवाले सांगतायत, आठवडाभर ऊन."

"हवामानवाले येणार आहेत का गाडी ढकलायला?"

टोर्मोड उठून उभा राहिला. "बाबा, दरवर्षी तेच! पन्नाशीचा झालो मी. एखादी गोष्ट माझ्यावर सोडा की आता!"

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "सोडली," आणि घरात गेला. बोल ना रे, अजून बोल, काठी आपट, असं मला ओरडावंसं वाटत होतं. टोर्मोडने आम्हाला न धुता, न खडू लावता, एकावर एक रचून कोपऱ्यात ढकललं. पलीकडून ब्यार्तेने अंगठा दाखवला.

गुरुवारी सकाळी ते तिघे निघाले. हाल्वारने त्याचा जाड लोकरी स्वेटर घातला होता, खिशात संत्रं फुगलेलं दिसत होतं. शाळकरी पोरासारखा खूश होता. मी कोपऱ्यातून बघत होतो. गाडी गेली, काही आवाज झाला नाही.

दुपारी गाडी परत आली. ओसहिल आधी उतरली आणि दार असं आपटलं की फळीवरचे डबे हलले.

"बोल आता! ब्यार्तेला बोलाव आणि सांग सगळं!" ती टोर्मोडवर ओरडत होती. तिच्याच तोंडून मला कळलं. वर बर्फाचं वादळ सुटलं होतं. घाटाचं फाटक लावून, बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाडीच्या मागे रांग करून गाड्या सोडत होते. नांगरगाडीची चालक बाई रांगेतल्या एकेका गाडीचे टायर तपासत आली आणि ह्यांच्यापाशी थांबली.

"ती काय म्हणाली आठवतंय ना? 'ह्या चपला घालून डोंगरावर निघालात? रांगेतून काढा गाडी. तुम्ही घसरलात तर मागचे सगळे अडकतील.' आणि बाबा खाली उतरून तिला विनवत होते, टोर्मोड! 'एकदाच जाऊ दे गं' म्हणत होते. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही त्यांनी!"

"बरोबर होतं तिचं," हाल्वार दारातून म्हणाला. "मी असतो तर मीही नसतं सोडलं."

तो आत आला आणि आमच्या चळतीवर बसला. मी सगळ्यात वर होतो. किती हलका झाला होता तो! आधीच्या वर्षी टेकला होता तेव्हा माझं रबर दबलं होतं. आता काहीच दबलं नाही. त्याने खिशातलं संत्रं काढलं आणि तिथेच, गॅरेजच्या अंधारात, सोलायला लागला.

टोर्मोड जॅक घेऊन धावला. "आत्ता लावतो, बाबा! उठा जरा. लगेच परत निघू."

"राहू दे."

"राहू दे काय? लावतो ना मी!"

"रेडिओवर सांगितलं आत्ता," ओसहिल म्हणाली. "घाट पूर्ण बंद केलाय. सोमवारशिवाय उघडत नाही."

"मग सोमवारी जाऊ!"

"सोमवारी सुट्टी संपवून सगळे खाली उतरतात," हाल्वार म्हणाला. "आणि एवढा वेळ गाडीत बसून माझ्यात आता दम नाही राहिलेला. संत्रं घे. गोड आहे."

टोर्मोडने ते घेतलं. "पुढच्या वर्षी, बाबा. नक्की. काय वाटेल ते झालं तरी."

"हो. पुढच्या वर्षी," म्हातारा म्हणाला. ओसहिल तोंड फिरवून बाहेर गेली.

सप्टेंबरात हाल्वार गेला.

त्या वर्षी बर्फाचं नावही नव्हतं तेव्हाच टोर्मोडने आम्हाला चढवलं. बापासारखाच गुडघ्यावर बसून, ब्रशने घासून. हिवाळाभर फार जपून चालवलं. ईस्टर आला तसे रस्ते पुन्हा कोरडे झाले, पण त्याने आम्हाला हात लावला नाही. कडकड वाजवत आम्ही गावातून निघालो. ब्यार्ते कुंपणाशी होता, पण ह्या वेळी त्याने खाली मान घातली.

आणि मित्रांनो, त्या दिवशी रस्ता वरपर्यंत कोरडा होता. कडक ऊन होतं. डांबरावर बर्फाचा कण नाही, फाटक सताड उघडं. टोर्मोडने गाडी तिथेच थांबवली, खाली उतरला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत ओरडला, "आता कुठाय बर्फ? कुठाय?" मग माझ्याकडे वळला आणि सगळा जोर लावून मला लाथ मारली. पुन्हा मारली. ओसहिल गाडीतून उतरली नाही.

त्या कोरड्या रस्त्यावर माझे खिळे गेले. वर्षभरात मी भंगारात आलो.

हिवाळी टायर धुवा, सावलीत ठेवा, हवा बघा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो. उतरवायच्या आधी घरात विचारा, कोणाचं कुठे जायचं राहिलंय का. आणि म्हातारं माणूस नको म्हणालं, तर शेजाऱ्याकडे बघू नका. नंतर टायरला लाथा घालून काय मिळतं? त्या लाथांचा मला राग आला, अजून आहे. गुरुवारी तो म्हातारा फाटकापाशी हात जोडत होता, तेव्हा मी काय करणार होतो? मला घरी ठेवलं होतं, मित्रांनो.