काढून राहिलो

माझी यादी एका पानाची आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. काच बसवणारी माणसं बांधकामावर शिरायच्या आधी मी ती घेऊन सगळीकडे फिरते. वाट मोकळी आहे का, पायऱ्यांवर वाळू सांडली आहे का, वायरी उघड्या आहेत का. आणि सगळ्यात वर, लाल शाईनं लिहिलेलं: डोक्यावर काय आहे?

लाल शाईचं कारण कुंदनच्या उजव्या हातावर आहे. अकरा टाके. दोन वर्षांपूर्वी अचलपूरला एका दुकानात माझा नवरा काच धरून उभा होता आणि वरच्या मजल्यावरून कुणाचं तरी रिकामं घमेलं सुटलं. घमेलं काचेला लागलं आणि काच कुंदनच्या हाताला. आमची मुलगी करिश्मा तेव्हा दीड वर्षाची होती. बाबांचा पट्टीतला हात बघून ती आठ दिवस त्याच्याजवळ गेली नाही.

तेव्हाच मी ठरवलं. अमरावतीच्या आमच्या दुकानात मापं लिहिणं, फोन घेणं मी करतच होते, आता साइट बघायलाही मीच जाणार.

"फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, न आता घमेले पाहात फिरशील?" कुंदन हसला होता. पण नको म्हणाला नाही.

नियम मी स्वतःच घातला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक नाही.

त्या दिवशी काम अकोल्याला होतं. फुलांचे व्यापारी खुशालराव यांचं नवं घर, आत मोठा जिना, आणि जिन्याच्या कडेनं दहा-दहा फुटी सहा काचा. या टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचा भट्टीतून मापातच येतात, नंतर सूतभरही कापता येत नाहीत. कडेला नेमका दणका बसला तर अख्ख्या काचेचे दाणे होतात. कुंदन, आमच्या दुकानातला सहदेव आणि आणखी दोघं काचांबरोबर ट्रकनं हळूहळू येणार होते. मी सकाळच्या एसटीनं पुढे गेले.

तिथले मिस्त्री देवमन. पन्नाशीचे, डोक्याला रुमाल, बोलणं रोखठोक. मी सिमेंटच्या गोण्या दारातून हलवायला लावल्या, मोरीच्या खड्ड्यावर फळी टाकायला लावली, लोंबणारी वायर वर बांधायला लावली. ते करत होते, पण तोंड सुरूच.

"म्याडम, तुमी तं पोरगी पाहाले आल्यासारख्या फिरून राहिल्या!"

"पसंत पडली तर सांगते, देवमनभाऊ."

ते हसत गच्चीवर गेले. राहिली होती ती लाल शाईची ओळ. जिन्याच्या वर सरळ गच्चीपर्यंत मोकळी जागा होती आणि अगदी वर एक छोटा नवा स्लॅब. तो टाकताना खालून दिलेला बल्ल्या-फळ्यांचा आधार, म्हणजे सेंट्रिंग, त्या सकाळी काढायचं ठरलं होतं. वर जायला लोखंडी शिडी होती. मी एक पाय ठेवला. शिडी हलली. पाय मागे घेतला आणि खालूनच ओरडले, "देवमनभाऊ, वरचं सेंट्रिंग काढलं का?"

शेजारी कुठेतरी फरशी कापायचं मशीन चालू होतं. त्यातून त्यांचा आवाज आला, "काढून राहिलो, ताई!"

मी टिक केली.

साडेअकराला ट्रक आला. कुंदननं पाणी पीत विचारलं, "झाली का तपासणी?"

"झाली. पास."

माणसांनी हातमोजे घातले. पहिली काच उतरवली, तिला धरायच्या रबरी वाट्या चिकटवल्या आणि चौघं तिला उभी धरून, बारीक पावलं टाकत निघाले. पुढच्या बाजूला कुंदन. मी कडुलिंबाखाली जाऊन घरी फोन लावला. करिश्माची जेवायची वेळ होती, आणि मी घरात नसले की ती खात नाही ही माझी रोजची काळजी. सासूबाईंनी फोन तिच्या कानाला लावला.

"जेवलीस का गं?"

"जेवून राहिली," ती ऐटीत म्हणाली.

"शहाणी माझी बाई! ताट धुवायला दे आजीला."

फोन सासूबाईंकडे गेला. "काय धुवाव वो माय? वरण-भात तसाच हाये ताटात. पह्यला घास गालात घेऊन बसली हाये पोट्टी. जेवून राहिली म्हन्ते ना थे तुले!"

मी हसायला लागले आणि तोंड उघडंच राहिलं.

मी साताऱ्याची. इथल्या 'जेवून राहिली', 'काढून राहिलो'ला आमच्याकडे म्हणतात जेवतेय, काढतोय. इथं येऊन पाच वर्षं झाली, आता ऐकताना माझी चूक होत नाही. पण हातात यादी असली आणि यादीत दोनच रकाने असले, झालं आणि नाही, की 'काढून' एवढं ऐकल्यावर माझा पेन स्वतःच चालतो.

मी धावले. काच धरलेल्या माणसाला ओरडून थांबवायचं नसतं, म्हणून दारापाशी येऊन चालीवर आले. कुंदन जिन्यापासून दोन पावलांवर होता.

"कुंदन," मी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "तिथंच. भिंतीला टेकवून ठेवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चौघांनी काच मागे घेतली आणि गोणपाटावर भिंतीशी उभी केली. हात मोकळे झाल्यावर तो म्हणाला, "काहून?"

"मी वर बघितलंच नाही."

सहदेवनं यादीत डोकावून पाहिलं. "पन वहिनी, टिक तं केली हाये तुमी."

"टिक खोटी आहे."

कुंदननं शिडी दोन्ही हातांनी धरली. मी वर गेले. आठ बल्ल्यांपैकी तीन निघाल्या होत्या, पाच उभ्या होत्या. एका फळीचं टोक सुटून खालच्या पोकळीवर आलं होतं. देवमन उकिडवे बसून शांतपणे खिळे उपसत होते.

"देवमनभाऊ, काढलं म्हणालात ना?"

"कवा म्हनलो? काढून राहिलो म्हनलो. काढलं असतं तं मी अठी काय म्हशी राखाले बसलो असतो?"

त्यांच्या आवाजात राग कमी आणि वाईट वाटणंच जास्त होतं. ते जरा सरकले, तशी त्यांच्या गुडघ्याजवळची लाकडी पाचर घसरली. एकदा भिंतीवर आपटली, मग खाली तिसऱ्या पायरीवर, आणि उडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन पडली.

तिथं कुणी नव्हतं.

कुंदननं शिडीवरचा एक हात काढला आणि उजव्या बाहीची वर सरकवलेली घडी टाक्यांच्या खुणेवरून मनगटापर्यंत खाली ओढली.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"दीड घंटा. खाली कोनाले येऊ देऊ नोका."

कुंदन स्वतः दारात बसला, कुणी आत शिरू नये म्हणून. चहा आला. मी माझं पान मांडीवर घेतलं, झालं आणि नाही यांच्या मधोमध पट्टीनं एक रेघ मारली आणि नव्या रकान्यावर लिहिलं: होऊन राहिलं. सहदेवनं ते मोठ्यानं वाचलं. "आता कशा वहिनी आमच्यातल्या झाल्या!"

एकच्या सुमारास देवमन खाली आले, रुमाल झटकला. "काढलं," ते एकेक अक्षर सुटं करत म्हणाले. "न म्याडम, शिडी बांधली हाये. जाऊन पाहा."

मी गेले, पाहिलं. वर कोरा स्लॅब होता, खाली झाडलेल्या पायऱ्या. जुनी टिक खोडली आणि शेजारी नवी केली.

पाच वाजता सहाही काचा उभ्या होत्या. चालताना कुणी आपटू नये म्हणून सहदेव प्रत्येकीवर चुन्यानं मोठी फुली काढत होता. देवमननं शेवटच्या काचेपुढे उभं राहून रुमाल नीट बांधून घेतला. "पसंत हाये का मंग पोरगी?"

"पसंत आहे."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "निघाले का वो तुमी?"

कुंदन अजून हातमोजे काढत होता. दोन्ही हात धड. ट्रकची दोरी गुंडाळायची होती, वाट्या मोजून पेटीत ठेवायच्या होत्या.

"निघून राहिलो, आई," मी म्हणाले.

"म्हंजे अजून तठीच हाये," त्या म्हणाल्या. "बरं. मी पोट्टीले चारून ठेवतो."