मोठ्यांचे डाव

शाळेत असताना खेळत त्या, राक्षसांची चित्रं असलेल्या पत्त्यांच्या स्पर्धेत नाव द्यायला भूलतज्ज्ञ बाई वीस वर्षांनी खेळण्यांच्या दुकानात आल्या, तेव्हा दारातच त्यांनी मागे वळून पाहिलं. हा तर पोरांचा खेळ! इस्पितळातल्या कोणी पाहिलं तर?

“मुलासाठी का, ताई?” दुकानदाराने विचारलं.

“हो,” त्यांच्या तोंडून निसटलं. “नऊ वर्षांचा आहे.”

“मग नाही जमणार. आज फक्त मोठ्यांचे डाव. एकच जागा उरलीय. काका, तुम्ही या पुढे,” तो रांगेत बाईंच्या मागे उभ्या असलेल्या काकांना म्हणाला.

बाई काउंटरपासून हलल्या नाहीत.

“मुलगाबिलगा नाही मला,” त्या पुटपुटल्या. “माझंच नाव लिहा.”

“मग मघाशी लेकरू कुठून काढलंत?” काका म्हणाले आणि सगळं दुकान हसलं.

तापल्या कानांनी, खाली मान घालून बाईंनी सही केली.