बाजेच्या पायांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. पाय बाभळीचे, विणकाम अंबाडीच्या सुतळीचे, मुक्काम भोकरजवळच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात. माझ्यावर या घरची तीन लेकरं वाढली, पाहुणे घोरले. मग लोखंडी पलंग आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. तिथे कोंबड्यांनी माझी काय शोभा केली, ते विचारू नका.

मला बाहेर काढले ते धाकट्या लेकीने, राजकन्याने. ती नांदेडला औषधशास्त्रात संशोधन करते. तिचे वडील ग्यानोबा कधी दारूला शिवले नाहीत, तरी त्यांच्या यकृतावर चरबी चढली होती. शेवग्याच्या पाल्यातल्या फ्लेव्होनॉइड नावाच्या द्रव्यांनी अशी चरबी उतरते का, हे तिला उंदरांवर तपासायचे होते. उन्हात ही द्रव्ये घटतात, म्हणून पाला सावलीतच वाळायला हवा, खालूनही वारा लागायला हवा. तिथे पलंग काय कामाचा? बाजच हवी! मी फुगून गेले.

पण दोनदा पाला नेला आणि दोन्ही वेळा द्रव्ये कमी भरली. "आता शेवटची खेप. हुकली तर विषय बदला," असे तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले. पोरगी रडली. मला कारण ठाऊक होते, पण सांगू कशी?

शेवटच्या खेपेआधी तिला अंगणात दोन रेघा दिसल्या, लिंबाच्या सावलीपासून थेट उन्हापर्यंत. त्या माझ्या पायांच्या होत्या.

"माय, बाज कोण ओढून राहिलं?"

कावेरीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्याच की. तू नांदेडला गेली की रोज दुपारी उन्हात नेते. तुझं काम लवकर व्हावं म्हणून. मिरची न्हाई का वाळवत आपण?"

राजकन्याने कपाळावर हात मारला आणि मग ती पोट धरून हसली. तिने नवा पाला तोडला. या वेळी माय स्वतः राखणीला बसली. ऊन सरकले की मलाही सावलीत सरकवायची.

काही महिन्यांनी फोन आला. उंदरांच्या यकृतातली चरबी खरोखर उतरली होती! सगळे घर अंगणात आले.

"मंग मला दे की तांब्याभर काढा!" ग्यानोबा म्हणाले.

"न्हाई बापू. माणसांवर तपासायचं लई बाकी हाय. तवर रोज शेताला चक्कर मारा."

कुरकुरत का होईना, ते निघाले.

तिच्या प्रबंधात एक ओळ आहे: 'पाला सुतळीच्या बाजेवर, सावलीत वाळवला.' मित्रांनो, गोठ्यातली बाज छापून आली!

माझे मागणे एवढेच. दारातल्या बाजेची सुतळी वर्षातून एकदा ताणा. आणि तिला एकट्याने ओढू नका, दोघांनी उचला. ओढल्याचा फायदा झाला तो एकदाच, रेघा दिसल्या तेव्हा, आणि तेवढ्यात माझे पाय बोटभर झिजले.