शेंदूर लागलेला दोनशे चौदा नंबर

मी एक पिवळा खांब आहे. जुना म्हणता येत नाही, पाचच वर्षं झाली मले. पण थांबा मित्रांनो, जाऊ नका, पाच वर्षांत माझं जे झालं ते शंभर वर्षांच्या वडाचं बी होत नाही. मी देव झालो, मंग चुगलखोर झालो, आन आता परत नुसता खांब आहे. सांगतो, सगळं सांगतो, फक्त मधात बोलू नका. मी एकदा सुरू झालो की मले थांबता येत नाही.

जन्म माझा अकोल्याचा. एमआयडीसीत एक शेड आहे, तिथं साच्यात सळया टाकल्या, सिमेंट-गिट्टी ओतली, आठ दिवस पाणी मारलं, साचा सोडला, झालो मी. कमरेएवढा. मंग पिवळा रंग आन छातीवर काळी अक्षरं, वरून खाली अशी: सावधान. जमिनीखाली गॅसची पाइपलाइन आहे. खोदू नका. झाडे लावू नका. त्याखाली एक फोन नंबर, आन पार बुडाशी माझा नंबर, दोनशे चौदा. अक्षरं काढता काढता पेंटर मले म्हणे, "तुले एकच काम आहे बाबू. उभं राहाचं आन लोकायले हे वाचू द्याचं."

एवढं सोपं काम, मित्रांनो. तेवढं बी माझ्याच्यानं झालं नाही.

ट्रकमधी आम्ही साठ जण होतो. कोणी कुठं उतरला, कोणी कुठं. मले उतरवलं मोझरीच्या पुढं, सडकेपासून दोन वावरं आत, शालिकरामच्या वावरात. शालिकराम म्हणजे कमी बोलणारा माणूस, दिवसाले वीस शब्द, त्यातले दहा बैलायले. बाकीचं सगळं बोलणं त्याची बायको मनकर्णा करे. आन त्यायची पोरगी आकांक्षा, तवा पाचवीत होती, जे दिसन ते मोठ्यानं वाचत सुटे. मले पहिल्यांदा पूर्ण कोणी वाचलं असन तं तिनं. अक्षर न् अक्षर. मले इतका आनंद झाला का विचारू नका.

माझ्या बाजूनंच खोदलेली नाली गेली होती. त्या नालीत लोखंडाचा नळ टाकला, पोट्टं रांगत जाईन एवढा जाड, आन वरून माती लोटली. पण माती लोटणाऱ्यानं काळी माती खाली घातली आन खालचा मुरूम वर आणला. वावराच्या मधातून एक भुरकट पट्टा पडला. वावर शालिकरामचंच राहिलं, फक्त त्या पट्ट्यात विहीर नाही, घर नाही, झाड नाही, असं कागदावर होतं. गावच्या सभेत साहेब लोक म्हणले होते का या नळाचा गॅस तुमच्या गावात बी येईन, बायायले चूल फुकावी लागणार नाही. मनकर्णानं सगळ्यात आधी टाळी वाजवली होती. हे मले तिनंच सांगितलं.

आता नितेश. हा आमच्या लाइनवरचा पोरगा, अकोल्याच्या जुन्या शहरातला, डोक्यावर टोपी, अंगात नारंगी जाकीट, हातात काठी. रोज आठ किलोमीटर पायी चालाचं, कोणी नळावर खोदून तं नाही राहिलं हे पाहाचं, आन एकेका खांबाजवळ उभं राहून मोबाईलवर फोटो काढून कंपनीले पाठवाचा. रोज. पाच वर्षं माझे फोटो निघून राहिले. एवढे फोटो तं नवरदेवाचे बी निघत नाहीत.

मंग दिवाळी झाली, कापूस फुटला. आमच्याकडं कापूस वेचाच्या पहिल्या दिवशी सीतादही असते. वावरात पाच गोटे मांडाचे, त्यायले शेंदूर-कुंकू लावाचं, दहीभात ठेवाचा, मंगच पहिलं बोंड तोडाचं. मनकर्णाचे गोटे तिच्या सासूच्या सासूपासूनचे होते, वावराच्या मधात. ती टोपलं घेऊन आली आन पाहते तं गोटे नाहीत.

"नितेश," ती म्हणे, "माहे पाच गोटे होते इथं."

"मावशी, जेसीबीले काय समजते, गोटा कोणता आन देव कोणता."

"मंग दहीभात कोणापुढं ठेवू? तुह्यापुढं?"

"ठेवा न. मले भूकच लागली."

तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मंग तिची नजर माह्यावर गेली. माह्याभवती एक चक्कर मारली, डोक्यावर हात ठेवून मले हलवून पाहिलं.

"हाच बरा," म्हणे. "याले कोणी उचलून नेणार नाही."

आन तेलात कालवलेला शेंदूर घेतला आन माह्या कपाळावर लावला. बरोबर 'सावधान' वर. नितेशनं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आन माह्या गळ्यात हात घालून फोटो काढला. म्हणे, "दोनशे चौदाचं प्रमोशन झालं."

मित्रांनो, खोटं कशाले बोलू, मले लय गोड वाटलं. बाकीचे एकोणसाठ खांब धूळ खाऊन राहिले होते आन मी देव. शेंदूर खाली ओघळला, 'गॅस' वर आला, आन मी मनात म्हणलं, एक-दोन शब्द झाकले तं काय झालं, बाकीचे हायेत न.

दुसऱ्या वर्षी नळात गॅस आला. त्याले वास नाही, रंग नाही, पण खालून त्याची गुणगुण मले जाणवे. लय गप्पा मारे तो. म्हणे, मी समुद्रापलीकडच्या एका गरीब मुलखातला. तिथं मले जमिनीतून वर काढते, गार करून करून पाण्यासारखा पातळ करते, जहाजात भरते आन दुसऱ्या देशायले इकते. मी म्हणलं, मंग तुह्या गावातले लोक लय मजेत असतीन. तो म्हणे, "गावाच्या बाजूले उंच नळकांडं आहे, त्याच्या तोंडाशी गॅस जळत राहते, चोवीस तास. त्या जाळाच्या उजेडात बाया काड्या वेचते. त्यायले बी सांगितलं होतं, तुमाले देऊ म्हणून."

मी त्याले म्हणलं, आमच्याकडं तसं नाही होत. आमच्याकडं लोक शब्दाचे पक्के हायेत.

त्याच पावसाळ्यात मनकर्णानं तो मुरमाचा पट्टा पायानं उकरून पाहिला. तिथं कापूस गुडघ्याएवढा बी झाला नव्हता. पण संत्र्याले तं मुरूमच लागते, काळ्या मातीत पाणी थांबते आन झाड सडते, हे मोझरीकडचं शेंबडं पोट्टं बी सांगते. तिनं डोक्यात हिशेब बसवला. नितेश आला तसा त्याले भाकर-ठेचा वाढला आन विचारलं.

"काय रे, या पट्ट्यात संत्रं लावलं तं?"

आकांक्षा बाजूलेच होती. "माय, खांबावर लिहिलं आहे, झाडे लावू नका."

"ते मोठ्या झाडाले," नितेश ठेच्यात भाकर बुडवत म्हणे. "कडूलिंब, चिच, वड. संत्र्याले कोणी झाड म्हणते का? झुडूप हाय ते. लावा मावशी, काई होत नाही. मी हाओ न."

"साहेबाले विचारून घे बाप्पा एकदा."

"विचारलं समजा."

मी हाओ न. हे तीन शब्द मी ऐकले, मित्रांनो, मी तिथंच होतो. मनकर्णानं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. शालिकरामनं त्या दिवशीचे उरलेले शब्द वापरले, "पोरगं म्हणते तं लावू." आन पुढच्या आठवड्यात वरुडाहून जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली सव्वीस कलमं आली.

त्यायनं ती कलमं कशी जगवली ते मी पाहिलं. उन्हाळ्यात डोक्यावर घागर घेऊन मनकर्णा ये, प्रत्येक झाडाले तांब्या मोजून पाणी दे, आन शेवटचा तांब्या माह्या डोक्यावर. दरवर्षी सीतादही माह्यापुढंच, आन दरवर्षी हातभर शेंदूर. तिसऱ्या वर्षी 'खोदू नका' गेलं. चौथ्या वर्षी 'झाडे लावू नका' गेलं. खाली फोन नंबर आन दोनशे चौदा एवढंच उरलं. नितेश रोज फोटो काढे आन पाठवे. कंपनीत कोणी ते फोटो पाहिले असते तं दिसलंच असतं का खांब हळूहळू लाल होऊन राहिला आन मागं हिरवं वाढून राहिलं. कोणी पाहिले नाहीत.

यंदा पहिला बहार धरला. फेब्रुवारीत असा फुलला का मोहोळाच्या माश्यायनं वावर दणाणून गेलं. मे महिन्यात फळं लिंबाएवढी झाली होती, हिरवी, टणक. मनकर्णा रोज मोजे, मोजणं चुके, परत पहिल्यापासून मोजे. पहिली टोपली मोझरीले महाराजाच्या आश्रमात द्याची, दुसरी नितेशच्या मायले, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

मंग कंपनीनं वरून ड्रोन उडवलं. मोठ्या साहेबाले पडद्यावर नळाच्या डोक्यावर सव्वीस हिरवे ठिपके दिसले, आन तिसऱ्या दिवशी दोन गाड्या आन एक जेसीबी वावरात.

साहेबानं मले पाहिलं. "हा मार्कर आहे? यावरची सूचना कुठे आहे?"

नितेश मागं उभा होता. त्याच्या नोकरीचं काय होणार हे त्याच्या तोंडावर लिहिलं होतं, मले वाचता आलं. पण मी म्हणलं, हा सांगीन. याच्या तोंडात माह्यापुढचं खोबरं गेलं आहे, हा सांगीन.

"सर, मी लय वेळा सांगितलं होतं," तो म्हणे. "ऐकत नाहीत हे लोक. वाचता येऊ नये म्हणून यायनं शेंदूर फासला."

मनकर्णा नुसती त्याच्याकडं पाहत राहिली, जसं काही तो दुसऱ्याच भाषेत बोलला. आकांक्षा पुढं आली.

"दादा, तुमीच म्हणलं होतं का संत्रं झुडूप असते. अन् पूजेचा फोटो तुमीच काढला होता. खांबाच्या गळ्यात हात घालून. दाखवा साहेबाले."

"तो मोबाईल बिघडला," नितेश म्हणे. "नवा घेतला मी."

"कंपनीले पाठवले असतीन न. रोज पाठवत होते."

साहेबानं घड्याळ पाहिलं. "जुने फोटो इतके दिवस ठेवत नाहीत," तो म्हणे. मंग बाटलीतून थिनर काढून कपड्यावर घेतलं आन नितेशच्या हातात दिलं. "पुस."

त्यानं मले पुसलं, मित्रांनो. ज्या हातानं गळामिठी मारली होती त्याच हातानं. चार वर्षांचा शेंदूर, मनकर्णाच्या बोटायचे ठसे सगळे, साल निघावी तसे निघाले. न निघालं ते चाकूनं खरवडलं. आन खालून अक्षरं निघाली, काळी कुळकुळीत, जशी पेंटरनं काढली होती. शेंदरानं ती नुसती झाकली नव्हती, उलट ऊन-पावसापासून जपून ठेवली होती. सावधान. खोदू नका. झाडे लावू नका. साहेबानं बोट ठेवलं. "बघा. स्पष्ट लिहिलंय."

माह्याच छातीवर मनकर्णा खोटी ठरली. मले वरडून सांगाचं होतं का तिनं विचारलं होतं, विचारूनच लावलं होतं. पण मले तोंड नाही. मले फक्त अक्षरं हायेत, आन ती त्या दिवशी त्या पोराच्या बाजूनं बोलली.

सव्वीस झाडायले अर्धा दिवस लागला. एकेक झाड बुडासकट वर आलं, मुळं लोंबकळत, आन हिरवी फळं मुरमावर टपटप. शालिकराम बैल घेऊन घरी निघून गेला. मनकर्णा रडली नाही. ती जेसीबीच्या मागं मागं चालत गेली आन पडलेली फळं ओच्यात भरत गेली. त्या फळायचं काहीच होत नाही, लोणचं बी नाही, तरी भरत गेली. दुपारी मशीन जेवणासाठी थांबली तशी ती नितेशजवळ आली आन साध्या आवाजात म्हणे, "डबा आणला का रे आज, का आणू भाकर?"

टोमणा होता का खरंच विचारलं, मले अजून समजलं नाही. नितेशले बी समजलं नसन. तो माह्याकडं पाठ करून उभा राहिला.

संध्याकाळी मी खाली गॅसले म्हणलं, तुहं गाव आन माहं गाव सारखंच निघालं. तो गुणगुणत पुढं निघून गेला. त्याले नागपुरातल्या कारखान्यात जाची घाई असते.

आता सांगतो कशी चालू आहे माझी जिंदगी. नितेश अजून येते. माझा फोटो काढते, पण खाली मान घालून, म्हणून माझे सगळे फोटो वाकडे येते. आकांक्षा शाळेत जाता-येता मले पहिल्यासारखं मोठ्यानं वाचते, वरून खाली, एक बी शब्द न सोडता, फक्त आता शिवी दिल्यासारखं वाचते. गावात गॅस आला नाही.

मित्रांनो, माह्या अंगावर लिहिलं ते खरं आहे. संत्र्याची मुळं बी नळापर्यंत जाते, नळ फाटला तं गाव उरत नाही. मी त्या लिहिण्याच्या विरोधात नाही. पण तुमच्या वावराच्या कडेले, सडकेच्या बाजूले माह्यासारखा कोणी पिवळा उभा असन तं त्याले पुसत जा, त्याच्यावर पोस्टर चिकटवू नका, त्याले देव बी करू नका. वाचा त्याले. आन कोणी जेवता जेवता म्हणलं, काई होत नाही, मी हाओ न, तं त्याले म्हणा, बरं, मंग हेच या कागदावर लिहून दे.

परवा कापूस फुटला. मनकर्णानं नदीवरून पाच नवे गोटे आणले आन माह्यापासून लांब, वावराच्या काठच्या धुऱ्याजवळ मांडले. दहीभात तिथं ठेवला. मी पाहत होतो. परत जाताना वाळलेल्या संत्र्याच्या फांद्यायचा भारा तिच्या डोक्यावर होता, चुलीसाठी. माह्याजवळ येऊन थांबली, दम लागला होता, आन टेकायले एक हात माह्या डोक्यावर ठेवला. तिच्या बोटाले पूजेचा शेंदूर लागलेलाच होता. बोट आपोआप माह्या कपाळाकडं आलं, चार वर्षांची सवय. येता येता थांबलं.

मंग तिनं ते बोट पदराले पुसलं आन घरी गेली.