एका बाळासाठी बाटली

आरोग्य खात्याच्या प्रमुख बाईंना सगळं खातं पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचं. लसीकरणाचं अंदाजपत्रक त्यांच्या टेबलावर गेलं की कशाची धडगत नसे. फलक, सभेचा चहा, नव्या खुर्च्या, सगळ्यांवर त्या बिनदिक्कत काट मारत. ‘वाया जाणारे डोस’ या रकमेला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांच्या हाताखालच्या नव्या हिशेबनिसाला हे काही केल्या पटेना. गोवराच्या लसीच्या एका बाटलीत दहा डोस. उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. ही उधळपट्टी नाही तर काय?

बाई महिनाभर रजेवर गेल्या आणि पठ्ठ्याला रान मोकळं मिळालं. त्याने दवाखान्यांना हुकूम धाडला, पाच बाळं जमल्याशिवाय बाटली उघडू नये. बचतीचा आकडा पाहून स्वारी हवेतच होती. बाई परतल्या त्याच दिवशी अर्थसचिवांपुढे बैठक होती. तो कागद घेऊन निघाला, तेवढ्यात ताईचा फोन आला.

“अरे, शेजारच्या पोराला गोवर आलाय आणि आमच्या छकुलीला लस मिळेना! दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मी एकटीच, म्हणून नर्स बाटलीच उघडेना. वरून हुकूम आहे म्हणते. कुठल्या दीडशहाण्याने काढलाय रे?”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बैठकीच्या दाराशीच त्याने बाईंना गाठून सगळं सांगून टाकलं.

“बाळं काय तुमच्या सोयीने घोळक्याने जन्माला येतात?” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “वस्तीवर एकच बाळ असतं. आईने मजुरी बुडवून यायचं किती वेळा?” त्यांनी तिथूनच फोन लावून हुकूम रद्द करवला. “चला आत.”

आत सचिव बचतीवर खूश होते. “छान कल्पना. कुणाची?”

हिशेबनीस उठू लागला. बाईंनी त्याला नजरेनेच बसवलं.

“माझ्या खात्याची, म्हणजे माझीच. चुकीची होती, मागे घेतली. वाचलेले डोस आम्ही मोजले, परत गेलेल्या आया मोजल्याच नाहीत.”

“मग पैसे कुठून आणायचे?”

बाईंनी पेन काढलं आणि स्वतःच्या गाडीच्या खर्चावर काट मारली. “मी बसने येईन.”

“एवढ्याने भागायचं नाही, बाई.”

“मग यादी इकडे द्या. अजून काट मारते. ही एक ओळ सोडून.”

हिशेबनिसाला लाज वाटत होतीच. पण या बाईंच्या हाताखाली आपण काम करतो, याचा अभिमान त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो ताईबरोबर दवाखान्यात गेला. बाळ एकच होतं. नर्सने बाटली उघडली, छकुलीने दवाखाना डोक्यावर घेतला. बंद होईपर्यंत दुसरं कुणी फिरकलं नाही.

“नऊ डोस गेले, साहेब,” बाटली टाकताना नर्स ओशाळून म्हणाली.

“जाऊ द्या,” तो म्हणाला. “ते हिशेबात धरलेलेच आहेत.”

संध्याकाळच्या बसला मरणाची गर्दी होती. एका थांब्यावर बाई चढल्या, काखेत फाइल, एक हात वरच्या दांड्याला. तो चटकन उठून उभा राहिला.

“भाची रडली का?” त्यांनी विचारलं.

“खूप.”

“बरं झालं,” असं म्हणून बाई त्याच्या जागेवर बसल्या.