कै. गोदूबाईंच्या नावाचा आरसा

मी आरसा बोलतोय. पनवेलच्या एका कॉलेजात लेडीज कॉमन रूमच्या भिंतीवर होतो, तो जुना. आता स्टोअररूममध्ये मोडक्या बाकांच्या आड टेकून उभा असतो. उभं राहून राहून कंटाळा आलाय, पण आरशाला कोणी आडवं होऊ देत नाही.

माझी काच मुंबईहून आली. चौकट इथल्याच सुताराने सागवानाची केली. धान्याचे व्यापारी धर्मराज शेठ यांनी मला कॉलेजला भेट दिलं, आणि देताना काचेवर वरच्या बाजूला तांबड्या रंगात लिहून घेतलं, 'कै. गोदूबाई यांच्या स्मरणार्थ'. गोदूबाई म्हणजे शेठच्या मातोश्री. अक्षरं चांगली ठसठशीत होती. उंच मुलगी समोर उभी राहिली की बरोबर तिच्या कपाळावर 'कै.' यायचं. मग ती बिचारी गुडघे वाकवून भांग पाडायची.

आरसा खोटं बोलत नाही म्हणतात. मी मुळात बोलायचोच नाही, तर खोटं कुठून बोलणार? वर्षानुवर्षं एकच प्रश्न ऐकला, 'बरी दिसतेय ना गं?' तोही मला नसायचा, शेजारच्या मैत्रिणीला असायचा, आणि मैत्रीण न बघताच 'मस्त' म्हणायची. काही मुली कॉलेजात आल्या की मोठी टिकली लावायच्या. घरी ती चालत नसे. मग जाताना काढून माझ्या कडेला चिकटवायच्या आणि कपाळावर बारीकशी लावून एसटी गाठायच्या. माझ्या चारी कडा टिकल्यांनी भरलेल्या असत. कॉमन रूमच्या शिपाईण गुणाबाई मला पुसताना म्हणायच्या, "माझ्या तिन्ही सुनांना पुरतील."

भामा मात्र मला कधी टिकली लावायची नाही. ती गव्हाणची, एफवायला होती. तिचे वडील कमळाकर मिठागरात राबणारे. ही सगळ्या गेल्यावर यायची, समोर न येता कडेला उभी राहून अर्धाच चेहरा बघायची, वेणीचं टोक नीट करायची आणि निघून जायची. तिचा काही प्रश्न नसायचा. त्या गलक्यात मला ती फार बरी वाटायची.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत गॅदरिंग आलं. टीवायचा गुरुदत्त दरवर्षी नाटक बसवायचा. त्या वर्षी त्याने गोऱ्या राजकन्येची, दुष्ट राणीची आणि बोलणाऱ्या आरशाची परीकथा उचलून थेट कॉलेजात आणली. राणी म्हणजे गेल्या वर्षीची 'मिस गॅदरिंग'. राजकन्या म्हणजे नवीन आलेली एफवायची मुलगी. सात बुटक्यांच्या जागी कॅन्टीन न सोडणारे सात नापास. विषारी सफरचंदाच्या जागी बटाटेवडा, आणि राजपुत्र राजकन्येला उठवतो ते तिची हजेरी लागावी म्हणून. राणी झाली रेवा, राजकन्या झाली खांदा कॉलनीतली आभा. राजपुत्र गुरुदत्त स्वतःच झाला, हे सांगायला नकोच. आरशाचं काम मला मिळालं, कारण विकत आणायला नको.

राजकन्येच्या कामासाठी भामानेही नाव दिलं होतं. मिठागरात वाऱ्यावरून हाका मारून तिचा आवाज खणखणीत झालेला. गुरुदत्त कॉमन रूमच्या दाराबाहेर तिला म्हणाला, "आवाज एकदम भारी आहे तुझा. पण राजकन्येला... असं कर, तू आरशाचा आवाज दे. मागे बसून बोलायचं."

"मंग मी दिसनार नाय?"

"ऐकू येशील ना. आणि ते हाय-नाय तेवढं काढून टाक."

राजकन्येला काय, ते त्याने सांगितलं नाही. मी सांगतो. राजकन्या गोरी हवी होती, आणि भामा उन्हात वाढलेली होती.

त्या दिवशी ती कॉमन रूममध्ये येऊन बाकावर डोळे पुसत बसली. रेवा माझ्यासमोर केस विंचरत होती. म्हणाली, "मागे तर मागे. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"बाबा येनार हायत बघायला. कालेजात काय करतेस ते डोल्यानी बघतो, मंग जूनचं, पुढच्या वर्साचं ठरवू, बोलले. नायतर मे महिन्यात लगीन."

"मग सांग त्यांना, मी आरशामागे आहे."

"नाटकात काम हाय, असं सांगून बसले मी."

रेवा विंचरायची थांबली. त्यानंतर रोज संध्याकाळी सगळ्या गेल्यावर भामा माझ्यासमोर 'आहे, नाही, आहे, नाही' घोकत राहायची. बघायची मात्र कडेनेच.

गॅदरिंगच्या दिवशी गुणाबाईंनी ब्लेडने माझ्या टिकल्या खरवडल्या. राणीच्या आरशावर 'कै.' शोभत नाही म्हणून गुरुदत्तने त्या नावावर सोनेरी कागद चिकटवला. मलाही ते पटलं. पण प्रमुख पाहुणे कोण आहेत, हे त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. प्रमुख पाहुणे होते धर्मराज शेठ.

मैदानातल्या मांडवात मला स्टेजवर दोन बाकांना टेकवून ठेवलं. मागे भामा मला धरून बसली. तिचे हात गार पडले होते. मला समोरचं सगळं दिसत होतं. मांडवाच्या दाराशी कमळाकर आले. दाराशी नटराजाची पूजा मांडलेली, समई, उदबत्ती. ते बघून त्यांनी चपला काढल्या, पण तिथे ठेवायचा धीर होईना म्हणून हातात घेतल्या आणि शेवटच्या खांबापाशी उभे राहिले.

पडदा उघडला. रेवा ऐटीत माझ्यासमोर आली. "बोल आरशा, या कॉलेजात सगळ्यांत देखणी कोण?"

भामाने श्वास घेतला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेठ उठले. "थांबा जरा. हा आमचाच आरसा ना? आईचं नाव का झाकलंत?"

गुरुदत्त राजपुत्राच्या शेरवानीतच धावत आला आणि नखांनी कागद ओरबाडू लागला. आधी 'स्मरणार्थ' निघालं, मग 'गोदूबाई', आणि सगळ्यांत शेवटी 'कै.'. 'कै.' दिसल्यावर मांडवात पोरं हसून लोळायची बाकी राहिली. शेठनी आईच्या नावाला हात जोडले आणि ते खाली बसले. इतकी वर्षं ते नाव कपाळावर वागवलं, पण त्याचा एवढा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

कारण हसू ओसरल्यावर मागच्या खांबापासून आवाज आला, "शेट, तुमच्या आईचं नाव दिसलं, बरं झालं. माझी पोर कुठं हाय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. हातात चपला घेतलेला एक माणूस. कोणीतरी म्हणालं, "काका, बसा."

"बसतो. गव्हानची भामा. काम हाय बोलली होती."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. नुसता दमलेला होता, आणि मला ते जास्त लागलं. विंगेतून गुरुदत्त कुजबुजत होता, "डायलॉग घे, डायलॉग घे." माझ्या चौकटीवरचे गार हात सुटले. भामा बाहेर आली. आवाजाला कपडेपट नसतो, म्हणून ती रोजच्याच पंजाबी ड्रेसमध्ये होती.

"बाबा, आरसा मी हाय," ती म्हणाली. मग रेवाकडे वळली. "महाराणी, देखणी आभाच आहे. तुम्ही दुसऱ्या. हे मागून सांगणार होते, आता तोंडावर सांगते."

मांडव टाळ्यांनी भरून गेला. रेवाला राग यायला हवा होता, पण तीही हसत सुटली. उरलेलं नाटक भामा माझ्या जागी उभी राहून खेळली. मी तिच्या मागे हळूहळू घसरलो आणि बाकाच्या कोपऱ्यावर आपटलो. 'कै.'पासून खालपर्यंत तडा गेला. टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण मला तिचा राग आला नाही.

नाटक संपल्यावर कमळाकर विंगेत आले. "बरी बोलतेस," म्हणाले.

"मदीच 'हाय' आलं तोंडात."

"माझ्याशी बोलताना येयालाच पायजे."

"मंग जूनचं काय, बाबा?"

त्यांनी चपला खाली टाकल्या, एकेक पाय घातला. "बघू," म्हणाले आणि दोघं शेवटची एसटी गाठायला निघाले. मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बघत नाहीत. मी ते फार वेळा पाहिलं आहे.

तडकलेल्या आरशात तोंड पाहू नये म्हणतात, त्यातून आईच्या नावालाच तडा. शेठनी नवा आरसा दिला, नाव आणखी मोठं घालून. माझी रवानगी इथे झाली, भिंतीकडे तोंड करून. जूनमध्ये कॉलेज भरल्याचं पोरांच्या गलक्यावरून कळलं. त्यात मी तिचा आवाज शोधत राहिलो. तो आला नाही. लग्न झालं असेल, असं मी मनाशी धरलं आणि ऐकणंच सोडून दिलं.

मग एका दुपारी गुणाबाईंनी खुर्च्या काढायला कुलूप उघडलं, आणि कोणीतरी मला धरून उजेडाकडे फिरवलं. भामा होती. बरोबर माझ्यासमोर उभी राहिली. तड्यामुळे तिच्या चेहऱ्याचे दोन भाग झाले, तरी ती कडेला सरकली नाही.

"एसवायला हाय मी," एवढंच म्हणाली. कपाळावरची काळी टिकली काढली आणि तडा सुरू होतो तिथे दाबून चिकटवली.

त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली. स्टोअररूम रिकामी करायची आहे, उद्या-परवा भंगारवाला येईल असं कानावर आलंय. येऊ दे. मी दमलोय. चौकट जाळा, काच फोडा, गोदूबाईंच्या नावाची सोय झालेलीच आहे. फक्त ती टिकली खरवडू नका. बाकीच्या सगळ्या टिकल्या मुलींनी घरच्यांपासून लपवायला माझ्याकडे ठेवल्या होत्या. ही एकच तिने मला लावली.