फलकावरचा कालचा आकडा

बंदराच्या तोंडाबाहेर एक पिवळा बोया तरंगत असे. लाट आली की तो वर जाई, ओसरली की खाली येई, आणि किती वर गेला ते धक्क्यावरच्या कार्यालयाला कळवी. तो आकडा बाहेरच्या मोठ्या फलकावर उमटे. होड्यांनी तो पाहून मगच निघावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

किनाऱ्यावरच्या अशा सगळ्या बोयांचा कारभार एका बाईंकडे होता. बोया पाण्यात सोडताना भाषणं होतात, फोटो निघतात. पुढे त्याला चिकटलेली कालवं खरवडायला कोणी फिरकत नाही. बाईंची उमेदीची वर्षं त्या खरवडण्यात गेली होती. आता समिती येणार होती. बोयांचा हा कार्यक्रम चालवायचा की गुंडाळायचा, ते ती ठरवणार होती.

नेमका आदल्या संध्याकाळी बंदराचा बोया बंद पडला. कार्यालयाच्या मिस्त्रींनी तो ओढून शेडमध्ये आणला. नियम साधा होता: बोया बाहेर काढला की फलक कोरा करायचा.

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, तो आकडा आता शिळा झाला."

"मग समितीला कोरा फलक दाखवू? झाकली मूठ सव्वा लाखाची, मिस्त्री. उद्या दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे."

मिस्त्रींची नोकरीही त्याच कार्यक्रमावर होती. त्यांनी शेडला कुलूप लावलं.

बाईंचा थोरला भाऊ होडीचं सुकाणू धरणारा तांडेल होता. "उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही," असं तो बहिणीला नेहमी चिडवी आणि फलकाकडे ढुंकून बघत नसे. पण त्या सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. तांडेल फलक वाचतो आणि होडी काढतो, हे समितीला दाखवायचं ठरलं होतं.

"दादा, मोठ्याने वाच हं."

"वाचतो गं, चिमणे. शाळेत कधी कविता म्हटली नाही, आता तुझ्यापायी आकडे म्हणतो." त्याने बंदराच्या तोंडाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाहेर पाणी जड दिसतंय. खरंच काढू होडी?"

समितीचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. "फलक काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"अर्धा मीटर."

"काय तांडेल," अध्यक्ष हसले, "बहिणीवर विश्वास नाही वाटतं?"

"आहे की साहेब! हिने पहिल्यांदा केलेला करपलेला भातसुद्धा खाल्लाय मी."

तो एकटाच होडीत उतरला. दोर अजून सुटला नव्हता. एक हाक पुरली असती. बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. ते समाधानाने मान हलवत होते. दोर सुटला.

तोंडाशी आलेल्या लाटेने होडी उचलली, आडवी केली आणि उलटी टाकली. दादा सापडला तो दुसऱ्या दिवशी, खडकांत.

"अशा अवचित लाटांसाठी एक बोया अपुरा आहे," असं समितीने म्हटलं. कार्यक्रम राहिला, शिवाय बंदराला आणखी एक बोया मिळाला. त्यावर दादाचं नाव रंगवायची कल्पना अध्यक्षांची होती.

रंग वाळत होता, तेव्हा वहिनी लेकीला घेऊन कार्यालयात आल्या. लेकीच्या डोक्यावर बापाची टोपी होती, कानांपर्यंत घसरलेली.

"वन्सं, एकच विचारते. त्या दिवशीचा आकडा खरा होता ना? लोक म्हणतात, होडी ह्यांनीच चुकीची वळवली. मी भांडते त्यांच्याशी. पण तुम्ही सांगाल ते खरं."

खिडकीबाहेर माणसं फलक वाचत उभी होती. अलीकडे रोजच थांबायची.

"खरा होता, वहिनी."

वहिनींनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणजे चूक ह्यांचीच."

"आई, बाबांना समुद्र कळत नव्हता?" लेकीने विचारलं.

"नव्हता, बाळा."

मुलीने टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि आईमागून निघून गेली.

बाईंनी टोपी कपाटात ठेवली, आणि नवा बोया सोडण्याच्या सोहळ्याला येणार ना, हे विचारायला अध्यक्षांना फोन लावला.